'फिन डी सायकल' नाही हो, 'फॅं द स्येक्ल': शतकअखेरचा मूड मुंबईत कसा बघायचा

सुरुवात स्वतःच्या फजितीनेच करतो, म्हणजे तुम्हाला धीर येईल. बऱ्याच वर्षांपूर्वी काळाघोड्याला एका चित्रप्रदर्शनात गेलो होतो, माझ्या पुढे दोन बायका, त्यातली एक दुसरीला चित्र समजावून सांगत होती आणि दर दोन वाक्यांनी तिच्या तोंडी एकच शब्द, मला तो 'फिन डी सायकल' असा ऐकू आला आणि मी खरंच त्या चित्रात सायकल शोधत उभा राहिलो. चित्रात काय तर एक फिकट बाई कोचावर लवंडलेली, मागे मोराची पिसं, सायकलचा पत्ता नाही. शेवटी न राहवून विचारलं. ती हसली नाही हे तिचे उपकार, म्हणाली अहो सायकल नाही, स्येक्ल, म्हणजे शतक.

तेव्हापासून हा फ्रेंच शब्द माझ्या मागे लागलाय. मी काही कलेतला माणूस नाही, बँकेत कॉम्प्युटर खात्यात आयुष्य गेलं, गिरगावात वाढलो, आता डोंबिवलीत आहे. पण हा शब्द पुस्तकात, चित्रांच्या खाली, कधी पेपरातल्या रविवारच्या लेखात दिसतो आणि माणूस तिथे अडखळून पुढे जातो, हे मला माहितीय कारण मीही तसाच पुढे जायचो. म्हणून हे लिहितोय. म्हणायचा कसा, वापरायचा कधी, आणि मुख्य म्हणजे मुंबईत पायी फिरून तो डोळ्यांनी कसा बघायचा.

आधी उच्चार उरकून टाकू. 'फॅ' म्हणा पण 'न' पर्यंत पोचू नका, जीभ टाळूला लावायचीच नाही, आवाज नाकातून सोडून द्यायचा. मालवणी माणसाला हे फुकटात जमतं, पुणेकराला थोडी प्रॅक्टिस लागेल. मग 'द', अगदी पुसट, 'दे' नाही आणि 'डी' तर नाहीच नाही. शेवटी 'स्येक्ल', त्यातला ल सुरू करायचा आणि अर्ध्यात सोडून द्यायचा. झालं. रोमनमध्ये लिहायची वेळ आली तर 'स्येक्ल'मधल्या पहिल्या 'ई' अक्षरावर डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ येते, फोनवर ते अक्षर दाबून धरलं की ती मिळते, उलटी रेघ देऊ नका, फ्रेंच शिकलेले लोक तेवढंच बघतात.

आता अर्थ. शब्दशः 'शतकाचा शेवट'. पण तारीख नव्हे, मूड. १८८०-९० च्या पॅरिसमध्ये हा शब्द उगवला, १८८८ला तिथे याच नावाचं एक नाटक आलं आणि पुढच्या दोनतीन वर्षांत तो इतका पसरला की जे काही नवीन, उर्मट, जरासं वाह्यात दिसेल त्याला लोक हेच लेबल लावायला लागले. हल्ली आपण काहीही बघून 'हे फार जेन झी आहे' म्हणतो ना, तसं.

मूड कसला, हे मला वर्षानुवर्षं नीट सांगता यायचं नाही. मराठीत लोक 'युगान्त' म्हणतात, ते फार भव्य होतं, त्यात धनुष्यबाण दिसायला लागतात. 'शतकान्त' बरा आहे पण कोरडा. मला उत्तर सापडलं ते ऑफिसात. मार्च एंडिंग! आपल्याकडे 'मार्चअखेर', 'वर्षअखेर' हे शब्द आहेतच, त्याच चालीवर 'शतकअखेर'. आणि ज्याने बँकेत किंवा कुठल्याही सरकारी-निमसरकारी खात्यात ३० आणि ३१ मार्च काढलाय त्याला हा मूड समजावून सांगावाच लागत नाही. सगळे दमलेले, सगळे चिडचिडे, ऑडिटमध्ये काय बाहेर निघेल याची धाकधूक, जुनी खाती बंद करायची घाई, आणि त्याच वेळी कोणीतरी समोसे मागवलेत, रात्री दहाला ऑफिसात गाणी चालू आहेत, ज्या साहेबाकडे वर्षभर कोणी मान वर करून बघत नाही त्याची नक्कल त्याच्याच समोर चाललीय आणि तोही हसतोय. कारण उद्या नवीन वही उघडणार. भीती आणि मस्ती एकाच ताटात. अख्ख्या शतकाचं मार्च एंडिंग म्हणजे हा शब्द, याच्यापेक्षा चांगली व्याख्या मला तरी मिळालेली नाही.

युरोपात भीती कसली होती म्हणाल तर सगळं फार वेगाने झालं होतं, रेल्वे, तार, वीज, मोठी शहरं, आणि डॉक्टर लोक सांगायला लागले की माणसाच्या नसा थकल्यात. मॅक्स नॉर्डाऊ नावाचा एक डॉक्टर, जन्म बुडापेस्टकडचा, प्रॅक्टिस पॅरिसला, त्याने १८९२-९३ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहून टाकला की हे आजकालचे कवी-चित्रकार सगळे ऱ्हासाची केस आहेत. गंमत म्हणजे या शब्दाची सगळ्यात खमंग टर त्यानेच उडवलीय, की शतक काय जिवंत प्राणी आहे का म्हातारं व्हायला, म्हातारे तुम्ही झालात आणि नाव शतकाचं घेताय. माणूस कर्मठ होता, पण हा मुद्दा बिनतोड. आणि मस्ती? १८८४च्या एका फ्रेंच कादंबरीतला नायक गालिच्याला शोभावं म्हणून जिवंत कासवाच्या पाठीवर सोनं आणि रत्नं जडवून घेतो आणि ते बिचारं कासव त्या वजनाखाली मरतं. एवढं एक चित्र लक्षात ठेवलंत तरी त्या काळचे नाजूक, कंटाळलेले, पैसेवाले कलावंत कसे होते ते कळेल. बाकी व्हिएन्नात १८९७ला चित्रकार क्लिम्ट आणि मंडळींनी जुन्या कलासंस्थेतून बाहेर पडून वेगळी चूल मांडली, आणि मनाचा डॉक्टर फ्रॉइड, त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक १८९९च्या नोव्हेंबरला बाजारात आलं पण प्रकाशकाने वर छापलं १९००. नवीन शतकाचा माल म्हणून खपवायला. आपल्याकडे दिवाळी अंकावाल्यांना हे पटेल.

वापरताना लोक दोनतीन ठिकाणी हमखास घसरतात. एक म्हणजे थर्टीफर्स्टच्या पार्टीला हा शब्द लावणं, ते वर्षअखेर आहे, शतकअखेर नव्हे. दुसरं म्हणजे नुसत्या जुन्या आठवणींच्या उमाळ्याला. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे फॅं द स्येक्ल नाही, ते फक्त वय झालंय. त्या काळाला 'बेल एपोक' म्हणजे रम्य काळ असंही म्हणतात आणि लोक दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी टाकून मोकळे होतात, पण तो शब्द नंतरचा, पहिल्या महायुद्धात सगळं उद्ध्वस्त झाल्यावर मागे वळून बघून ठेवलेला. आत असताना धाकधूक, बाहेर पडल्यावर रम्य. म्हणून माझी साधी टेस्ट: समोरच्या गोष्टीत भीती आणि कौतुक दोन्ही एकाच वेळी दिसतंय का? दिसत असेल तर शब्द वापरा. एकच दिसत असेल तर सोडून द्या, मराठीत त्याला दुसरे चांगले शब्द आहेत.

आता एक अडचण, जी मला कुठल्याच इंग्रजी पुस्तकात सापडली नाही कारण ती त्यांची अडचणच नाही. शतक कोणाचं संपलं? १८९९ साली आपल्या पणजोबांच्या पंचांगात शके १८२१ चालू होतं. शके १८०० केव्हाच, १८७८ला होऊन गेलेलं. म्हणजे शकाच्या हिशोबात कसलीच अखेर नव्हती. मुंबईतल्या गुजराती पेढीवर संवत १९५६ चालू होतं आणि त्या सालाची आठवण त्यांच्याकडे शतक म्हणून नाही, छप्पनियाचा दुष्काळ म्हणून आहे, आजही. पण पंचांगवाले कलियुगाची सुरुवात धरतात इसवीसनपूर्व ३१०२, त्या हिशोबाने कलियुगाची ५००० वर्षं पुरी होतात कधी तर बरोब्बर १८९९च्या सुमाराला! कुठलंही कॅलेंडर घ्या, माणसाला गोल आकडा लागतोच. (आणि हो, शतक खरं संपलं १९००च्या ३१ डिसेंबरला, १८९९च्या नाही, हा वाद १९९९लाही ऑफिसात महिनाभर चालला होता आणि वाद घालणारे सगळेच एक वर्ष आधीच्या पार्टीला हजर होते.)

तर आता चालायला निघू. रविवार घ्या, फोर्टमध्ये गर्दी नसते, फक्त आदल्या रात्री मेगाब्लॉक कुठे आहे ते बघून ठेवा. पाण्याची बाटली, टोपी, आणि डोक्यात एकच साल: १८९६. बाकी तारखा आपोआप त्याला येऊन चिकटतात.

पहिला मुक्काम काळाघोडा. डेव्हिड ससून लायब्ररीच्या ओळीतच युनिव्हर्सिटीच्या दिशेने पुढे आलात की एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन्स हॉटेल. १८६०च्या दशकातलं, बिडाच्या लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजाने आणलेला. २०१९ला धोकादायक म्हणून रिकामं केलं, त्यामुळे आत जायचा प्रश्नच नाही, समोरच्या फुटपाथवर उभं राहून बघायचं. १८९६च्या जानेवारीत इथे अमेरिकन लेखक मार्क ट्वेन उतरला होता. आणि त्याच वर्षी ७ जुलैला, इथेच, ल्युमिएर बंधूंच्या माणसाने हिंदुस्थानातला पहिला सिनेमा दाखवला, तिकीट १ रुपया. पॅरिसला पहिला पैसे देऊन खेळ झाला होता १८९५च्या २८ डिसेंबरला, तिकीट १ फ्रँक. म्हणजे पॅरिसची लेटेस्ट गोष्ट मुंबईला पोचायला जेमतेम सहा महिने लागले, त्या काळच्या बोटींच्या हिशोबाने ही होम डिलिव्हरीच. पेपरातल्या जाहिरातीत तिला 'शतकातलं आश्चर्य' म्हटलं होतं. जाहिरातवाल्यालाही शतक आठवलं, बघा.

आपल्याकडच्या माणसांनी नुसतं तोंडात बोट घातलं नाही ही मला आवडणारी गोष्ट. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, फोटोग्राफर माणूस, त्यांनी हे खेळ बघितले, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ला हँगिंग गार्डनवर कुस्ती लावून ती शूट केली. पॅरिसचे कवी आरामखुर्चीत सुस्कारे टाकत होते तेव्हा आमचा माणूस मलबार हिलवर पैलवानांना 'जरा इकडे सरका' म्हणत असणार!

तिथून चर्चगेट गाठा, स्टेशनसमोर पश्चिम रेल्वेचं हेड ऑफिस, १८९९ला पुरं झालेलं, वर एक मूर्ती आहे तिच्या हातात रेल्वेचं इंजिन. दोन मिनिटं बघा आणि चला. सीएसएमटीला मात्र वेळ द्या. १८७८ ते १८८८ दहा वर्षं काम चाललं, आर्किटेक्ट स्टीव्हन्स, समोरची महापालिका त्याचीच, १८९३ची, आणि आत्ता बघितलेलं चर्चगेटही त्याचंच. मुख्य घुमटाच्या टोकावर जी बाई उभी आहे ती 'प्रगती', एका हातात मशाल, दुसऱ्या बाजूला चाक. आपण सगळे आयुष्यभर तिच्या पायाखालून ८.४७ पकडायला पळत गेलो आणि एकदाही मान वर केली नाही, तर आज करा. आणि वर बघून झालं की खाली बघा, कारण १८९६-९७ च्या हिवाळ्यात याच रेल्वेने लोक गाठोडी घेऊन मुंबईतून पळत होते आणि प्लेगची तपासणी चालली होती, काखेत, जांघेत गाठ आहे का म्हणून, बायाबापड्यांची सुद्धा. वर प्रगती, खाली गाठीचा ताप. मी वर जी टेस्ट सांगितली ना, ती इथे शंभर टक्के पास होते.

महापालिका मार्गाने मेट्रोकडे चालत या. मेट्रो सिनेमाच्या समोर एक पुतळा आहे, हजार वेळा बसमधून दिसलेला. डॉ. अकासिओ व्हिएगस, गोव्याचे. १८९६च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत पेशंट बघताना हा साधा ताप नाही, हा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखलं. तारखा जुळवून बघा: जुलैत सिनेमा, सप्टेंबरात प्लेग, एकच शहर, अंतर दोन मैल सुद्धा नाही. वॉटसनमध्ये लोक भिंतीवरची गाडी चालताना बघून थरारले आणि अडीच महिन्यांत मांडवीच्या धान्याच्या वखारींजवळ उंदीर मरायला लागले. उंदीर-पिसू-माणूस हा संबंध अजून कोणालाच माहीत नव्हता, सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने तो १८९८ला दाखवला आणि तोही लगेच कोणी मानला नाही, त्यामुळे पालिका गटारं धूत होती, घरांवर चुना मारत होती, कौलं काढून उजेड आत सोडत होती, आणि राहायला नालायक ठरलेल्या घरांवर 'यू एच एच' अशी तीन अक्षरं रंगवत होती. २९ ऑक्टोबर १८९६ला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले, कारण अशी समजूत पसरली होती की आत नेलेला माणूस परत येत नाही. १८९१च्या खानेसुमारीत मुंबईत ८ लाख २१ हजार लोक होते, १९०१ला ७ लाख ७६ हजार. एवढं मोठं शहर दहा वर्षांत लहान झालं!

इथे थोडं थांबून एक सांगायचंय. फ्रेंच लोकांची शतकअखेर ही बरीचशी मनातली होती, नसा थकल्या, कंटाळा आला, कासवाला रत्नं जडवा. आपली अशी नव्हती. आपल्याकडे खरोखर माणसं मरत होती आणि तरीही, किंवा म्हणूनच म्हणा, कंटाळा हा सूरच सापडत नाही. केशवसुत बघा. १८९३ला 'तुतारी' लिहिली, ती जुनं पुरून टाका, पुढे या असं ओरडणारी कविता आहे, सुस्कारा नाहीच तिच्यात. मुंबईत मास्तरकी करत होते, प्लेगच्या धामधुमीत मुंबई सोडून खानदेशात गेले, आणि १९०५ला हुबळीला प्लेगनेच गेले, चाळिशी सुद्धा गाठली नाही. पॅरिसच्या कवींना जे नाटकात हवं होतं ते आमच्या कवीच्या घरात शिरलं, आणि त्याच्या कवितेत मात्र तुतारी. म्हणून मला वाटतं हा शब्द मुंबईला लावताना त्यातला कंटाळा काढून घ्यावा आणि मार्च एंडिंगची घाई तेवढी ठेवावी.

मेट्रोपासून पाच मिनिटांवर प्रिन्सेस स्ट्रीट, आता शामलदास गांधी मार्ग. मरीन लाइन्सच्या बाजूला तोंड करून उभे राहा आणि वारा लागतोय का बघा. चेष्टा नाही, हा रस्ता त्याचसाठी पाडलाय. प्लेगनंतर १८९८ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, त्यांचं म्हणणं असं की दाट वस्तीत समुद्राची हवा घुसली पाहिजे, म्हणून दाटीवाटीतून सरळ पश्चिमेकडून रस्ते कापले, हा एक आणि सँडहर्स्ट रोड दुसरा. सँडहर्स्ट हा प्लेगच्या वेळचा गव्हर्नर, त्याचं नाव आपण रोज अनाउन्समेंटमध्ये ऐकतो. दादर-माटुंग्याचे प्लॉटही याच ट्रस्टने पाडले, म्हणजे हिंदू कॉलनीत, पारशी कॉलनीत, फाइव्ह गार्डनला जी झाडं आणि मोकळी हवा आहे ती प्लेगच्या भीतीची देणगी आहे. (बीडीडी चाळींचं श्रेय यात घालू नका, त्या १९२०च्या दशकातल्या, खातंच वेगळं.)

पुढे गिरगावात शिरा, खाडिलकर रोडवर केशवजी नाईक चाळ. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती इथला, १८९३. माझं बालपण इथून दोन गल्ल्या पलीकडे गेलं त्यामुळे मी निःपक्षपाती नाही. पण त्याच १८९३च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली होती हेही त्याच श्वासात सांगायला हवं. ढोलताशा आणि दंगल, एक वर्ष. आणि शंभर वर्षं पुढे मोजलीत की १९९२-९३ येतं. हा आकड्यांचा खेळ आहे, कारणं वेगळी होती, त्याच्यावरून भविष्य सांगायला बसू नका, पण चाळीसमोर उभं राहिल्यावर अंगावर काटा येतो खरा.

इथे कुठेतरी पीयूष आणि काहीतरी खाऊन घ्या, पाय बोलायला लागलेले असतात. मग चर्नी रोडहून गाडी पकडून प्रभादेवी, पूल ओलांडून परळ, आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन इन्स्टिट्यूट. आत जायचं असेल तर आधी चौकशी करून जा, मी तर गेटवरूनच बघून आलो. वाल्डेमार हाफकिन ओडेसाचा, पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला, कॉलऱ्याची लस करून १८९३ला हिंदुस्थानात आला, आणि मुंबईत प्लेग सुरू झाल्यावर १८९६च्या ऑक्टोबरात कलकत्त्याहून इकडे. ग्रँट मेडिकल कॉलेजात एका छोट्या जागेत त्याने प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ला पहिलं इंजेक्शन स्वतःला टोचून घेतलं. १८९९ला त्याची लॅब या परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. म्हणजे १८९६ मध्ये पॅरिसने मुंबईला दोन गोष्टी पाठवल्या, एक सिनेमा आणि एक हाफकिन, पहिला थेट आणि दुसरा व्हाया कलकत्ता. पॅरिसच्या शतकअखेरीबद्दल वाचताना मला आता मोराची पिसं आठवत नाहीत, हे दोघे आठवतात.

चालणं इथे संपलं पण काम संपलं नाही. कारण आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांनी एक शतकअखेर स्वतः बघितलीय आणि तिची नोंद कोणीच करत नाही. तर हा घरी करायचा भाग. माळ्यावर जुनी कालनिर्णय मिळाली तर १९९४ ते २००० काढा आणि त्या त्या वर्षी घरात काय चाललं होतं ते आठवून मागच्या बाजूला लिहा, दुधाच्या हिशोबाशेजारी. माझ्या यादीत असं निघालं: १९९४ सप्टेंबर, सुरतेला प्लेग, हो, परत प्लेग, आणि मुंबईत केमिस्टकडे टेट्रासायक्लिनसाठी रांगा, ट्रेनमध्ये लोक तोंडावर रुमाल बांधून. १९९५ सप्टेंबर, गणपती दूध प्यायला, मी स्वतः चमचा घेऊन रांगेत होतो, आता काय लपवायचं. त्याच वर्षी बॉम्बेचं मुंबई झालं, पुढच्या वर्षी व्हीटीचं सीएसटी. गिरण्यांचे भोंगे १९८२च्या संपापासूनच बंद पडत चाललेले आणि त्या जागेवर काय येणार याच्या गप्पा. उड्डाणपूल, पेजर, केबल. एका हाताने जुनी खाती बंद, दुसऱ्या हाताने नवीन उघडतायत.

आणि वायटूके. तरुणांना सांगितलं तर हसतात, पण जुन्या प्रोग्रॅममध्ये साल दोनच आकड्यांत ठेवलेलं, त्यामुळे ०० आलं की मशीन १९०० समजणार आणि व्याजाचा हिशोब शंभर वर्षं मागे जाणार ही भीती खरी होती. म्हणजे गंमत बघा, कॉम्प्युटर आम्हाला पुन्हा त्याच शतकअखेरीला नेऊन सोडणार होता. वर्ष-दीड वर्ष आम्ही ते दोन आकडे शोधून चार करत बसलो होतो. ३१ डिसेंबर १९९९ला नाईट ड्युटी, फोर्टातल्या ऑफिसात आम्ही अकरा जण, एक टीव्ही. न्यूझीलंडमध्ये बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार, तेव्हापासून टीव्हीला चिकटलेलो, तिथले दिवे चालू राहिले तर आपण वाचलो हा आमचा शास्त्रीय निकष. साडेसहाला सिडनीची आतषबाजी. आणि मधूनमधून चॅनल बदललं की कंदाहार, विमानातले ओलीस त्याच दिवशी सुटले होते. रिमोटच्या एका बटणावर आतषबाजी, दुसऱ्यावर कंदाहार. बारा वाजले, काही झालं नाही, एका प्रिंटरने मात्र कागद अडकवला आणि आमच्यातला एक जण पांढराफटक पडला.

घरच्यांना विचारताना 'तेव्हा कसं वाटलं होतं' असं विचारू नका, सगळे 'छान होतं' म्हणतात आणि विषय संपतो. विचारा की त्या दिवशी घरात कॅश किती काढून ठेवली होती, पाणी भरून ठेवलं होतं का, आणि रात्री कुठे गेला होतात. वहिनीला विचारलं तर म्हणाली दोन पिंपं पाणी, मेणबत्त्यांचं पाकीट, तांदळाच्या डब्यात तीन हजार रुपये, जग बंद पडलं तर असावेत म्हणून. आणि सोसायटीच्या गच्चीवरच्या डिस्कोसाठी नवीन चमकीचा ड्रेस, तो आदल्या आठवड्यातच शिवून घेतला होता.